मिसाओ-सानच्या भिंतीवरची पाखरं

ओगुरींच्या व्हरांड्यातला दिवा संध्याकाळी लागतो तो पहाटे साडेचारला विझतो. काशिदानी गावात नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, त्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. मग ते लोणच्याची बरणी घेऊन समाचाराला जातात, आणि इवाओ-सान दारातच त्यांना सांगतात, "आजारी कुणी नाही. बायकोकडे रात्रीचे पाहुणे येतात."

पाहुणे म्हणजे पतंग, दिव्यावर येणारी पाखरं. इवाओ-सानची बायको मिसाओ-सान सोळा वर्षं त्यांचे फोटो काढतेय. मी तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या मध्ये फक्त चहाच्या झुडपांचं एक कमरेएवढं कुंपण आहे, त्यामुळे हे सगळं मी भांडी घासता घासता खिडकीतून पाहिलेलं आहे.

साडेचारला ती बाहेर येते. डोक्याला पांढरं फडकं, गुडघ्यांना भात लावताना बांधतात तसल्या गाद्या, गळ्यात कॅमेरा. दिवा मालवते. रात्रभर जी पाखरं येऊन भिंतीला, खांबाला चिकटून बसलेली असतात, त्यांचे उजाडत्या उजेडात एकेक करून फोटो घेते. प्रत्येकाशेजारी तळण उलटायची लांब जेवणकाडी धरते. त्या काडीवर तिने चाकूने सेंटिमीटरच्या खुणा केल्यात. फोटो झाला, की पाखराला बोटावर घ्यायचं आणि कुंपणातल्या पानाखाली नेऊन ठेवायचं. कारण पाचच्या सुमाराला बुलबुल येतात आणि भिंत साफ करून जातात.

एकदा मी कुंपणावरून विचारलं, "अहो, पन्नास-साठ पाखरं असतील. सगळी उचलून ठेवता?"

"दिवा मी लावला," ती म्हणाली. "माझ्यामुळे ती उघड्यावर अडकली. मग परत पोचवायला नको?"

मिसाओ-सान अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज एकशे चाळीस मुलांचं दुपारचं जेवण. सूप कधी एका वाटीने कमी पडलं नाही की एका वाटीने उरलं नाही, असं अजून लोक सांगतात. निवृत्त झाली त्या उन्हाळ्यात युझूच्या लिंबाच्या झाडावरच्या अळ्या काडीने चिरडायला म्हणून गेली. एका हिरव्या अळीने डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढून तिच्याकडे रोखली. हिला हसू फुटलं. लेकीने ओसाकाला जाताना टाकून दिलेला कॅमेरा होता, तो शोधून तिने फोटो काढला आणि लेकीला पाठवला. लेकीचं उत्तर आलं, "शी, आई!" पण ती अळी वाचली. तिची सगळी भावंडं वाचली. युझूचं पान राहिलं नाही, मग सांशोच्या तिखट झुडपाचं राहिलं नाही, आणि इवाओ-सानना वसंतात बांबूच्या कोंबांवर टाकायला सांशोची कोवळी पानं शेजारून, म्हणजे माझ्याकडून, मागून न्यावी लागली.

"आमच्याकडे आधी फुलपाखरं जेवतात," ते म्हणायचे. "उरलं तर नवरा."

"तुम्ही पोस्टात होतात ना," मिसाओ-सान आतून. "चाळीस वर्षं गावभर जेवून यायचात. तेव्हा कुणी विचारलं होतं का मी काय जेवते?"

दिवसा फुलपाखरं, पहाटे पतंग. प्रत्येकाची वहीत नोंद: तारीख, हवा, लांबी, कुठे बसला होता. नाव माहीत नसेल तर ती स्वतःच ठेवायची. 'जळका मोची', म्हणजे करपलेली तांदळाची वडी. 'मुख्याध्यापकांचा कोट.' 'भिजलेला चहा.' मग हिवाळ्यात गावच्या वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणून खरी नावं शोधायची आणि शेजारी पेन्सिलीने लिहायची. पेन्सिलीने, कारण पुढच्या हिवाळ्यात चूक सापडली तर खोडता आलं पाहिजे. माझं शिक्षण ओकायामाच्या कॉलेजातलं, विषय साहित्य, पण अशी निगुतीने ठेवलेली वही मी माझ्या प्राध्यापकांचीही पाहिली नव्हती.

आता मुद्द्याचं सांगते.

आमच्या घरांच्या मागे जो डोंगर आहे, तो कुणा एकाचा नाही. बारा घरांचा वाटून घेतलेला. त्यातली नऊ घरं केव्हाच शहरात गेली. डोंगराच्या वरच्या अंगाला, जुन्या तळ्याच्या काठी यामानाराशीची, म्हणजे रानातल्या पॉप्लरची झाडं आहेत. होती. वारा नसला तरी त्यांची पानं एकमेकांवर आपटून वाजत राहायची. मिसाओ-सानच्या घरी येणारी निम्मी पाखरं तिथून उतरायची असं ती म्हणायची.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात घरोघर फिरणारी सूचनांची पाटी माझ्याकडे आली. वाचली, सहीच्या जागी शिक्का मारला आणि कुंपणावरून मिसाओ-सानकडे दिली. त्यात होतं की एका कंपनीने त्या बारा घरांकडून डोंगर विकत घेतलाय, तिथे सौरऊर्जेची पॅनेलं बसणार आहेत, आणि नियमाप्रमाणे आधी झाडं, पक्षी, किडे यांची पाहणी होईल. कुणा रहिवाशाकडे माहिती असेल तर महिनाअखेरपर्यंत पत्राने कळवावी. दुर्मिळ प्रकार आढळल्यास योजनेचा फेरविचार होईल.

मिसाओ-सानने ते दोनदा वाचलं. चप्पल न घालता, मोज्यांवरच कुंपणाला वळसा घालून माझ्या स्वयंपाकघरात आली. हातात तीन वह्या.

"कायोको-सान, पत्र तुम्ही लिहा. माझं अक्षर आणि माझी भाषा दोन्ही स्वयंपाकघरातली."

वह्यांत तिने तीन जागी कागदाच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. तीन वेगवेगळ्या वर्षांचे सप्टेंबर. तिन्ही ठिकाणी एकच पाखरू: करडं, झाडाच्या सालीसारखं, तळहात भरेल एवढं. बसलेलं असताना कुणी त्याच्याकडे पुन्हा बघणार नाही. पण मागचे पंख काळे आणि त्यांच्यावर एक रुंद, फिकट निळाजांभळा पट्टा. तो फक्त उडतानाच दिसतो. मुरासाकी-शिताबा. पुस्तकातल्या यादीप्रमाणे आमच्या प्रांतात गेल्या तीस वर्षांत कुणी पाहिलेला नाही. त्याची अळी यामानाराशी आणि तिच्या जातीच्या झाडांवरच वाढते.

दोन वर्षांच्या फोटोत तो नुसता करडा बसलेला होता. तिसऱ्या वर्षी ती काडी जवळ नेत असताना तो उडाला आणि बोट दाबलं गेलं. फोटो हलला होता. पण त्या हललेल्या करड्यात निळा पट्टा होता, डोळ्यांत भरेल असा.

"हुसकावून दुसरा का नाही काढलात?" मी विचारलं.

"झोपलेल्याला कशाला उठवायचं? माझा फोटो चांगला यावा म्हणून?"

तिने मला पत्राचा मजकूर सांगितला. मला तो शब्दन् शब्द आठवतो. "मी मिसाओ ओगुरी. अमुक तारखेला, तमुक तारखेला आणि तमुक तारखेला माझ्या भिंतीवर मुरासाकी-शिताबा पाहिला. मोजला. फोटो सोबत आहेत. त्याची झाडं तळ्याच्या काठी आहेत. ती तोडू नका."

मी हसले. "असं कसं पाठवायचं? हे पत्र आहे की सामानाची यादी?"

"मग कसं?"

"माझ्यावर सोपवा."

पत्र लिहिण्यात माझा हात धरणारं या पंचक्रोशीत कुणी नाही. कुणाचा सासरा गेल्याचं सांत्वन, कुणाच्या लेकीच्या लग्नाचे आभार, सगळे माझ्याकडे येतात. दोन संध्याकाळी बसून मी ते पत्र लिहिलं. आधी शरद ऋतू गहिरा होत चालल्याचं एक वाक्य. मग कंपनीतल्या सर्वांच्या प्रकृतीची चौकशी. मग माहिती. आणि शेवटी, ज्याचा मला खास अभिमान वाटला तो भाग: "अभ्यास नसलेल्या एका सामान्य गृहिणीचं हे निरीक्षण असल्याने ओळखण्यात चूक झाली असण्याचीच शक्यता अधिक आहे. आपला अमूल्य वेळ वाया घालवत असल्याबद्दल मनापासून क्षमा मागते."

मिसाओ-सानने ते वाचून दाखवायला सांगितलं. ऐकताना तिची मान किंचित वाकडी झाली.

"चूक झालेली नाही पण."

"अहो, तसं म्हणायचं असतं. 'मला नक्की माहीत आहे' असं कोण लिहितं? उद्धट वाटेल. वाचणाऱ्याला कळतं."

"कळतं?"

"सगळ्यांनाच कळतं."

"तुम्ही शिकलेल्या," ती म्हणाली, आणि खाली तिचा शिक्का उमटवला.

नोव्हेंबरात पाहणी करणाऱ्यांकडून कुसुमोतो नावाचा तिशीतला तरुण आला. दारात बूट नीट वळवून ठेवले. मिसाओ-सानने चहा आणि स्वतः वाळवलेली पर्सिमनं पुढे केली. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिने चौदा वह्या टेबलावर मांडल्या. त्याने पहिली उघडली आणि चहा तसाच राहिला.

"हे... हे सगळं तुम्ही एकटीने?"

"रिकामपणाचे उद्योग."

"'मुख्याध्यापकांचा कोट'," तो वाचता वाचता हसला. "अगदी तसाच दिसतो हो तो! मला विद्यापीठात सहा महिने लागले होते हा ओळखायला."

त्याचे डोळे चमकत होते, हे मी शपथेवर सांगेन. हललेला निळा फोटो त्याने खिडकीशी नेला, भिंग लावलं, बराच वेळ बघत राहिला. खाली ठेवताना दोन्ही हातांनी ठेवला, जशी आपण एखादी जुनी वाटी ठेवतो.

मग त्याने कागद काढला. आवाज बदलला.

"तर ओगुरी-सान, हा मुरासाकी-शिताबाच, असं तुम्ही खात्रीने म्हणता?"

बाईला समोर बसवून, तिच्याच घरात असं विचारलं तर बाई काय म्हणेल? मिसाओ-सानने दोन्ही हात हलवले. "छे, छे! माझ्यासारखीला काय कळतंय!"

"तिला भाताच्या पातेल्यातलं विचारा," इवाओ-सान कोपऱ्यातून म्हणाले. "तिथे एक दाणाही चुकायची नाही."

सगळे हसलो. कुसुमोतोही हसला आणि हसता हसता त्याने काहीतरी लिहून घेतलं. जाताना फाटकाशी तो वाकला. बराच वेळ वाकलेला होता. मिसाओ-सान कुंपणाआड मला म्हणाली, "किती संस्कारी पोरगा." मलाही तसंच वाटलं. इतका वेळ माणूस आदराने वाकतो, आणि पुढे जे करायचं त्याची माफी आधीच मागून ठेवायची असेल तरीही वाकतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

फेब्रुवारीत अहवाल गावच्या कचेरीत लोकांना वाचायला ठेवला. आम्ही दोघी गेलो. तीनशे पानांत मिसाओ-सान दोनशे एक्केचाळीसाव्या पानावर सापडली. नाव नव्हतं. 'स्थानिक रहिवासी (महिला).' पुढे लिहिलं होतं: "मुरासाकी-शिताबा आढळल्याची माहिती मिळाली. तथापि निरीक्षकाने लेखी आणि तोंडी, दोन्ही वेळा ओळख चुकीची असण्याची शक्यता स्वतःच व्यक्त केली असल्याने ही नोंद यादीत घेतलेली नाही."

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिले. एक शब्द खोटा नव्हता.

"त्याला कळलं नाही का हो?" मिसाओ-सानने विचारलं.

कळलं नसेल असं कसं म्हणू? त्याच्या आईनेही आयुष्यभर पाहुण्यांपुढे ताट ठेवताना "खाण्यासारखं काही नाही" असंच म्हटलं असेल, आणि ते ऐकून तो कधी उपाशी उठला नसेल. त्याला सगळं कळलं होतं. फक्त ते कळलं नाही असं दाखवणं सोयीचं होतं, आणि ती सोय माझ्या पत्राने त्याच्या हातात आयती दिली होती.

मार्चमध्ये कंपनीची माणसं गावाला समजावून सांगायला आली. सभागृहात चाळीसेक माणसं. आदल्या दिवशी मी मिसाओ-सानला म्हटलं होतं, "प्रस्तावना नको, माफी नको. फक्त तारखा आणि खात्री." तिने माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून चार वेळा म्हणून दाखवलं. चौथ्यांदा "माफ करा" तोंडून निसटलं नाही.

सभेत प्रश्नांची वेळ आली तेव्हा वॉर्डप्रमुख मित्सुनागा-सान म्हणाले, "काही नसेलच ना कुणाचं? मग चहा घेऊ."

मिसाओ-सान उभी राहिली.

"मी मिसाओ ओगुरी." तिने तिन्ही तारखा सांगितल्या. "तिन्ही वेळा मोजला. तिसऱ्या वेळी निळा पट्टा पाहिला. तो मुरासाकी-शिताबाच आहे. मला खात्री आहे. अहवालातलं चूक आहे."

आमच्याकडे असं बोलत नाहीत. माझ्या पुढच्या बाईने मान खाली घालून स्वतःच्या सपाता बघायला सुरुवात केली, जणू कुणी भर सभेत कपडे उतरवलेत.

कंपनीचा मुख्य माणूस उठला. खूप नम्र, 'सान' नाही, थेट 'सामा'. "ओगुरी-सामा, आपलं अमूल्य मत ऐकायला मिळालं, आम्ही ऋणी आहोत." त्याने फाइल उघडली. "आपण पाठवलेलं पत्र आमच्याकडे आहे. इतकं सुंदर पत्र आमच्या कचेरीत क्वचितच येतं." आणि त्याने ते वाचलं. मोठ्याने, शांतपणे, विरामांसकट. शरद ऋतूपासून. "...चूक झाली असण्याचीच शक्यता अधिक आहे." फाइल मिटली. "आम्ही आपल्या शब्दांचा पूर्ण आदर राखला."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "खरंच छान लिहिलंय हं."

मी उठायला हवं होतं. पत्र माझं आहे, वाक्य माझं आहे, त्या बाईने 'चूक झालेली नाही' असं तेव्हाच सांगितलं होतं, एवढं म्हणायला काय लागतं? मी उठले नाही. माझा नवरा बाजूला बसला होता, मित्सुनागा-सान आमच्या दूरच्या नात्यातले, आणि माझ्या पत्राची चाळीस माणसांत नुकतीच तारीफ झाली होती. कुसुमोतो दुसऱ्या रांगेत होता. तोही कागद चाळत राहिला.

मिसाओ-सान बसली. मित्सुनागा-सान हसत म्हणाले, "आज ओगुरी-सान जरा तापल्या वाटतं. चला, चहा."

घरी येताना मी म्हटलं, "मी सांगायला हवं होतं."

"काय सांगणार होतात? पत्रात काही वाईट नव्हतं. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीसुद्धा असंच लिहिलं असतं." हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मांजूचा, गोड सारणाच्या बन्सचा, खोका घेऊन मित्सुनागांच्या दारात गेली. सभेत आवाज चढवल्याबद्दल माफी मागायला. इवाओ-साननेच सांगितलं, जाऊन ये, नाहीतर उन्हाळी उत्सवात आपल्याला कुणी कामाला बोलावणार नाही. मी सोबत गेले.

"अहो, कशाला हे!" मित्सुनागा-सान खोका घेत म्हणाले. "आम्ही तर विसरूनही गेलो."

ती वाकली. मीही वाकले. परतीच्या वाटेवर तिने एकच विचारलं, "कायोको-सान, मी खोटं बोलले तेव्हा माफी मागावी लागली नाही. खरं बोलल्याची मागितली. बरोबर ना?"

मे महिन्यात यंत्रं आली. यामानाराशी दोन दिवसांत गेली. मऊ लाकूड, वेळ लागत नाही. त्या उन्हाळ्यात मिसाओ-सानच्या भिंतीवर इतकी पाखरं आली की खांबाचा रंग दिसेना. इवाओ-सान म्हणाले, "बघ, तुझ्या लोकांचं काही बिघडलं नाही."

"घर जळल्यावर माणसं रस्त्यावर येतात," ती म्हणाली. "त्याला काय गर्दी म्हणतात?"

पुढच्या उन्हाळ्यात एका पहाटे तिने मला बोलावून भिंत दाखवली. अकरा पाखरं होती. अकराही तिने नीट मोजून, फोटो काढून पानाखाली ठेवली. सप्टेंबरचे तीसही दिवस ती चार वाजता उठली. करडं, तळहाताएवढं कुणी आलं नाही.

त्या डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं. डोंगरावरच्या कुंपणापाशी 'निसर्ग परिचय' असा फलक लावायचा आहे, तरी ओगुरी-सामांनी टिपलेल्या मुरासाकी-शिताबाचं छायाचित्र वापरण्याची परवानगी द्यावी.

मिसाओ-सान माझ्याकडे आली. "उत्तर लिहा. 'फोटो देणार नाही.' एवढंच."

मी पेन उचललं. सवयीने हात हिवाळ्याच्या थंडीवरच्या सुरुवातीच्या वाक्याकडे वळत होता. तो आवरून मी तीन शब्द लिहिले आणि खाली नाव. आयुष्यात मी लिहिलेलं ते सर्वांत ओबडधोबड पत्र. उत्तरादाखल कंपनीकडून आभाराचं कार्ड आणि डब्यात घातलेला भेटीचा टॉवेल आला.

फलक एप्रिलमध्ये लागला. बसच्या वळणावरच आहे, न बघता जाता येत नाही. त्यांनी दुसरीकडून कुठून तरी फोटो आणला: पंख ताणून पसरलेले, निळा पट्टा झळझळीत. खाली ओळ: "मुरासाकी-शिताबा. या डोंगरावर पूर्वी याचा अधिवास होता."

आम्ही दोघी दवाखान्यात जायला निघालो होतो, माझ्या नवऱ्याच्या औषधांसाठी. मिसाओ-सान थांबली. चष्मा लावून तिने ओळ वाचली.

"याची माहिती यांना कुणी दिली असेल?"

"तुम्हीच."

"दुसऱ्या कुणी नाही?"

"तीस वर्षांत दुसऱ्या कुणी पाहिलाच नाही."

तिने चष्मा काढून डबीत ठेवला. "म्हणजे विश्वास होता त्यांचा," ती म्हणाली. "तेव्हाही होता."

बस वळणावरून येताना दिसली. मी पर्समध्ये पास शोधू लागले, आधीच हातात असताना.